वाचायच्या आधी सॉकेटमध्ये किती डेटा पडलाय, कसं बघायचं?

प्रश्न: सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. लूमचा (मागाचा) काउंटर लिनक्स पीसीला टीसीपी कनेक्शनवरून सेकंदाला २ मेसेज पाठवतो, एक मेसेज ४८ बाइटचा, शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण). माझा पायथन प्रोग्राम एक मेसेज वाचतो, स्क्रीनवर दाखवतो नि १ सेकंद थांबतो. पाळी सुरू होऊन पाव तास झाला की जॉबर (लूम सांभाळणारा मिस्त्री) ओरडतो, लूम बंद हाय तरी तुमचा आकडा वाढतोय की ओ! सॉकेटमध्ये, म्हणजे कनेक्शनच्या माझ्या टोकाला, न वाचलेले किती बाइट बाकी आहेत ते कसं कळणार?

उत्तर: आधी प्रोग्रामला हात न लावता एसएस कमांड मायनस टीएन लावून चालवा आणि त्या कनेक्शनसमोरचा रिसीव्ह-क्यू बघा, कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) येऊन पडलेले पण तुमच्या प्रोग्रामने न उचललेले बाइट म्हणजेच तो आकडा. तुमच्याकडे येतात २ नि उचलता १, म्हणजे सेकंदाला ४८ बाइट साचणार, पाव तासात ४३,२०० च्या आसपास, आणि स्क्रीनवर दिसतंय ते साडेसात मिनिटांपूर्वीचं. जॉबरचं बरोबर आहे.

प्रोग्राममधून हाच आकडा पाहिजे तर आयओसीटीएल या सिस्टिम कॉलला एफआयओएनरीड (किती बाइट वाचायचे बाकी ते विचारणारा कोड) द्यायचं, पायथनमध्ये तो कोड टर्मिऑस मॉड्यूलमध्ये मिळतो. फक्त एक सांगतो, त्या आकड्यावर वाचायचं किती ते ठरवू नका, कारण तुम्ही विचारलं आणि वाचलं एवढ्यात अजून डेटा आलेला असू शकतो, आणि आकडा शून्य आला म्हणजे डेटाच नाही एवढंच, समोरच्याने कनेक्शन बंद केलंय का ते त्यातून कळत नाही, ते रिसीव्ह कॉलने रिकामं उत्तर दिलं की कळतं. टीसीपीऐवजी यूडीपी (सुटी पॅकेटं पाठवायची पद्धत) असतं तर लिनक्सवर फक्त पुढच्या एकाच पॅकेटची साइज मिळाली असती.

खरा इलाज म्हणजे ती १ सेकंदाची झोप काढून टाका. रिसीव्हला ४८ ऐवजी ४०९६ द्या, जे येईल ते आपल्या बफरमध्ये जोडत जा, न्यूलाइनवर तोडा, शेवटचा अर्धा तुकडा राहिला तर पुढच्या खेपेसाठी ठेवा, टीसीपी काय मेसेज मोजून देत नाही, ४८ मधले ३० आधी आणि १८ नंतर असंही येतं. स्क्रीनवर फक्त सगळ्यात ताजा मेसेज दाखवा.

मग जॉबरला लूम थांबवायला सांगा आणि आकडा तिथल्या तिथे थांबतो का बघा.