पाच हजारांत सेन्सरी कॉर्नर: विकत घेण्याआधी काय काढायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तिसरीचा वर्ग, ३४ मुलं, वर पत्रा, त्यात एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा. शाळेचा टोल, म्हणजे घंटा, पडला की तो कान झाकून बाकाखाली शिरतो, दुपारी जेवणानंतर रडतो. हाताशी ५,००० रुपये आहेत, तर सेन्सरी कॉर्नरसाठी, म्हणजे त्याला शांत होता येईल अशा वर्गातल्या कोपऱ्यासाठी, काय घ्यावं?

पहिला आठवडा एक रुपयाही खर्च करू नका. त्याला जे सोसवत नाही ते आधी वर्गातून काढायचं, नवीन काय आणायचं ते नंतर बघू. एका वहीत चार रकाने आखा: वेळ, त्याआधी काय घडलं, त्याने काय केलं, शांत व्हायला किती मिनिटं लागली. सहा दिवस लिहा. 'दुपारी रडला' या नोंदीतून काहीच हाती लागत नाही. '१:४०, खिचडीचं पातेलं फरशीवर आपटलं, कान झाकले, १२ मिनिटं' यातून लागतं. दुपारचं रडणं पुष्कळदा सकाळच्या परिपाठातल्या लाउडस्पीकरपासून साठत आलेलं असतं, म्हणून सकाळच्या नोंदी गाळू नका.

सगळ्यात जास्त मेहनत आवाजावर घ्या. रुळाच्या तुकड्याचा टोल लोखंडी दांड्याऐवजी लाकडी मोगरीने वाजवायला सांगा, कर्कशपणा लगेच उतरतो. टोल पडायच्या दोन मिनिटं आधी त्याच्या बाकावर घंटेचं चित्र असलेलं कार्ड ठेवा. आवाजापेक्षा तो अचानक येण्याचा धसका मोठा असतो. त्याची तयारी असेल तर कधीतरी टोल त्यालाच वाजवू द्या.

मग वर्गाच्या मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीमागे शेपटासारखा आवाज रेंगाळला तर खोली घुमते आहे. पत्रा, गुळगुळीत प्लास्टर आणि शहाबादी फरशी एकत्र आली की हे होतंच. फळ्यासमोरच्या मागच्या भिंतीवर धुऊन उन्हात वाळवलेली गोणपाटं दुहेरी-तिहेरी करून लावा. भिंतीला घट्ट ठोकू नका. आडव्या लाकडी पट्ट्या मारून मागे दोन इंच पोकळी सोडा, नाहीतर आवाज फारसा शोषला जात नाही. विजेच्या बोर्डापासून ती लांब ठेवा आणि महिन्यातून एकदा झटका. धूळ आणि वास हाही त्याच्यासाठी त्रासच आहे. बाकांच्या पायांना हार्डवेअरच्या दुकानातले रबरी बूट घाला, किंवा जुन्या टेनिस बॉलला फुलीसारखी चीर देऊन ते बसवा.

पत्र्यावरच्या पावसाला मात्र या पैशांत इलाज नाही. त्यासाठी कारखान्यात वापरतात तसे कानावरचे इअरमफ घ्या. पण ते टोल, परिपाठ आणि मुसळधार पाऊस एवढ्यापुरतेच. दिवसभर घातले तर कानांना शांततेची सवय होते आणि साधं बोलणंही मोठं वाटू लागतं.

उजेडाचं काम सोपं आहे. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्याला ते जाणवत नाही, काही मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. मोबाईलवर स्लो-मोशन व्हिडिओ घेऊन बघा. पट्टे किंवा लुकलुक दिसली तर ट्यूब बदला. स्वस्त एलईडीही दुकानातच असा तपासून घ्या. रंग बदलणारे, उघडझाप करणारे दिवे 'सेन्सरी' म्हणून विकले जातात, ते आणू नका. स्वमग्न मुलांत आकडीचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं आणि असा प्रकाश काही मुलांत आकडीला निमित्त होऊ शकतो.

बोलक्या भिंतींवर, म्हणजे चित्रं-तक्त्यांनी भरलेल्या भिंतींवर, तुम्ही जीव ओतला असेल, तरीही सांगते: फळ्याच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन फूट मोकळे करा. पाढे, बाराखडी, तक्ते मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर हलवा. फळ्याकडे बघताना त्याच्या नजरेला चाळीस चित्रांतून वाट काढावी लागू नये.

आता कोपरा. दारापासून लांब चार बाय चार फुटांची जागा, खाली सतरंजी, दोरीवर जुन्या सुती साडीचा पडदा. पडदा कमरेइतकाच उंच ठेवा, म्हणजे तो आत असला तरी तुम्हाला दिसेल. शिक्षा म्हणून त्याला तिथे एकदाही पाठवू नका. एकदा तसं झालं की पुढे तो कोपरा टाळू लागतो.

कोपऱ्यात मांडीवर ठेवायची जड पिशवी द्यायची असेल तर जाड कापडाच्या दुहेरी शिलाईत किलोभर चिंचोके भरा. तांदळाला उंदीर आणि किडे लागतात. पिशवी फक्त मांडीवर, १५ मिनिटं, आणि त्याला स्वतः बाजूला करता आली पाहिजे. छातीवर, मानेवर कधीच नाही. तिच्या उपयोगाचा ठाम पुरावा नाही, काही मुलांना आवडते, काहींना नाही. नको म्हणाला की विषय संपला.

सतत हालचाल हवी असणारी मुलंही तुमच्या ३४ मध्ये असतील. बाकाच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब आडवी बांधा, वरून कापड गुंडाळा. पाय त्यावर दाबत मूल जागेवर बसतं. वह्यांचा गठ्ठा ऑफिसात नेऊन देणं, भिंतीला दहा वेळा जोर लावणं, फळा पुसणं हेही त्याच कामाचं.

मुख्याध्यापक 'एकासाठी एवढं कशाला' म्हणाले तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १६ दाखवा. मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करणं हे शाळेचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलेलं आहे. तुमची शाळा ज्या शाळा-केंद्रात येते तिथल्या विशेष शिक्षकांनाही वही दाखवा.

तरीही एखाद्या दिवशी त्याचा बांध फुटेल. तेव्हा समजावू नका, हात धरू नका, 'माझ्याकडे बघ' म्हणू नका. पंखा, दिवा बंद करा, बाकी मुलांना ओसरीवर न्यायला कोणाला तरी सांगा आणि स्वतः दोन हात अंतरावर खाली बसून राहा.

हे सगळं एकदम करू नका. आठवड्याला एकच बदल, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. वहीतला चौथा रकाना बघत राहा. मोगरीच्या आठवड्यात १२ मिनिटांची ७ झाली, तर पुढच्या सोमवारी गोणपाटं.