पॅड बदलण्याआधी पेडल आठवा

प्रश्न : नमस्कार. माझी 2017 ची पोलो जीटी टीएसआय आहे. रोजचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी. गेल्या डिसेंबरात मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला गेलो, गाडी घरून चालवतच. चौथ्या-पाचव्या फेरीला जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ पडून जवळजवळ तळाला गेलं. दोनदा पंप केल्यावर ब्रेक लागला. आता पुन्हा जायचंय. वर्षातून एक-दोनदाच जमतं. ॲक्सेसरीचे दुकानदार म्हणतात पूर्ण रेसिंगचे पॅड घाला, मित्र म्हणतो सिरॅमिक घाल, वडील म्हणतात कंपनीचेच ठेव. काय करू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ‘पेडल मऊ पडून तळाला गेलं’ ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. दुकानदाराने, मित्राने किंवा वडिलांनी, कोणीही तुम्हाला त्याबद्दल विचारलेलं दिसत नाही.

ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतो आणि पायाला दोन्ही वेगळे कळतात. पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून दाबणारा ठोकळा, त्याच्या सोसण्यापलीकडे तापला, तर पेडल नेहमीसारखंच घट्ट लागतं. तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. ब्रेक ऑइल उकळलं, तर मात्र पेडल मऊ पडून खाली जातं, कारण नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो. पंप केल्यावर ब्रेक परत येतो. तुमच्या बाबतीत हेच झालंय. वास पॅडचा होता, पण पेडल खाली नेलं ते ऑइलने. ते न बदलता कितीही भारी पॅड घातलेत, तरी पुढच्या खेपेला हेच होईल.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 या दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये, असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हद्द 155 अंशांवर येते. शहरात हा फरक कळतही नाही. ट्रॅकवर तो चौथ्या फेरीला कळतो. 50 च्या वेगात सिग्नलला थांबताना ब्रेकला जितकी उष्णता गिळावी लागते, त्याच्या सहापटीहून जास्त 140 वरून 60 वर येताना गिळावी लागते. कारीचा ट्रॅक 2.1 किलोमीटरचा, म्हणजे लहान. एक वळण संपतं न संपतं तोच दुसरं येतं आणि ब्रेकला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. 2006 मध्ये चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एका गिऱ्हाइकाच्या गाडीबरोबर मेकॅनिक म्हणून गेलो होतो. निघण्याच्या आदल्या रात्री कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजात, मी स्वतः पुढे नवे पॅड घातले होते. ऑइलची बाटली फळीवर होती, पण उशीर झाला म्हणून मी ती उघडली नाही. दुसऱ्या सत्रात त्यांचं पेडल तळाला गेलं आणि गाडी थेट खडीत जाऊन रुतली. माणूस सुखरूप उतरला. संध्याकाळी ब्रेकचं निपल, म्हणजे ऑइल काढायची तोटी, सोडून ऑइल काढलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि बुडबुड्यांनी भरलेलं. ती बरणी हातात धरून मी किती वेळ उभा होतो, ते आजही आठवतं. त्यानंतर ट्रॅकला जाणारी एकही गाडी जुन्या ऑइलवर माझ्या दारातून गेलेली नाही.

तर पहिलं काम ऑइलचं. डॉट 4 किंवा डॉट 5.1 सीलबंद डब्यातलंच घ्या आणि निघण्याच्या आठवड्यात चारही चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढून नवं भरणं, करून घ्या. नुसतं ‘डॉट 5’ लिहिलेलं चुकूनही घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. नावातल्या एका टिंबाचा फरक आहे, म्हणून डबा स्वतः वाचा.

आता पॅड. पूर्ण रेसिंगच्या पॅडला मी स्पष्ट नाही म्हणतो. तो दीड-दोनशे अंशांच्या वर तापला की खरा धरतो. सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताच रिक्षा आडवी येते, तेव्हा तुमची डिस्क गार असते. त्या पहिल्या ब्रेकला हा पॅड लाकडासारखा लागतो. शिवाय तो डिस्क खातो आणि प्रत्येक सिग्नलला किंचाळतो. ट्रॅक वर्षातून दोन दिवस, पण तिथे जाण्या-येण्याचेच चोवीसशे किलोमीटर आहेत. पाऊस, टोलनाके, खंबाटकीचा उतार, सगळं त्याच पॅडवर.

सिरॅमिक शांत असतो, चाकं काळी करत नाही, रोजच्या गाडीला छान. पण नाव ऐकून लोक त्याची महागड्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी गल्लत करतात. त्या वेगळ्या वस्तू आहेत. बाजारातले बहुतेक सिरॅमिक पॅड शांततेसाठी बनवलेले असतात, ट्रॅकच्या उष्णतेसाठी नाही.

तुम्हाला हवाय मधला पॅड, गार असतानाही धरणारा आणि 400-500 अंशांपर्यंत साथ न सोडणारा. फेरोडोचा डीएस 2500 या जातीचा आहे. थोडा आवाज करेल, काळी पूड जास्त पडेल, तेवढं सोसा. कुठल्याही कंपनीचा घेतलात तरी मागच्या पट्टीवर किंवा कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरं शोधा. पहिलं अक्षर गार पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्याची. ‘ई’पेक्षा ‘एफ’ चांगलं, ‘एफ’पेक्षा ‘जी’. पहिलं अक्षर ‘एफ’च्या खाली नको. मात्र ही अक्षरं ज्या चाचणीतून ठरतात, ती ट्रॅकइतक्या उष्णतेला होत नाही, म्हणून तापमानाची हद्द कंपनीच्या तक्त्यात वेगळी बघा.

वडील म्हणतात तेही चूक नाही. ताज्या ऑइलवर कंपनीचे पॅड तीन-चार जोरदार फेऱ्या नीट देतात. मग एक फेरी सावकाश मारून ब्रेक थंड करायचा आणि पुन्हा सुरू. खर्च टाळायचा असेल तर यंदा असंच करा.

जे काही घालाल त्याची जाडी बघा. रस्त्यावर पॅड 3 मिलिमीटरवर आला की बदलतात. ट्रॅकला जाताना निम्म्याहून जास्त हवाच, कारण पातळ पॅडमधून उष्णता सरळ पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे जाते. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर ते डिस्कशी जुळवून घ्या. साठवरून वीसवर, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, आणि मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवा. डिस्कवर एकसारखा राखाडी थर दिसला की झालं.

सत्र संपल्यावर हँडब्रेक ओढू नका. तुमच्या गाडीला मागे ड्रम आहेत. तापलेल्या ड्रमला लायनर, म्हणजे आतून घासणारा भाग, दाबून ठेवला की तो चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा. घरी निघण्याआधी पुढचं चाक काढून पॅड बघाच. कडा पांढरट होऊन बोटाने भुगा पडत असेल, तर त्या पॅडवर बाराशे किलोमीटर यायचं नाही. म्हणून जुने कंपनीचे पॅड डिकीत घेऊन जा. आणि निघण्याआधी विम्याचा कागद वाचा. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी धरलेली नसते.

प्रश्न : आम्ही पोलादपूरचे. वॅगन आरने दर रविवारी महाबळेश्वरहून आंबेनळी उतरतो. खाली आल्यावर ब्रेकचा वास येतो. जास्त ताकदीचे पॅड घालावेत का?
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : नको. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा आणि न्यूट्रल तर कधीच करू नका. ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळत येण्यापेक्षा वळणाआधी जोरात दाबा आणि सोडून द्या, म्हणजे मधे हवा लागते. एवढं करूनही वास आला, तर खाली थांबून पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरा, लावू नका. एक बाजू जास्त तापलेली लागली, तर बहुधा त्या बाजूच्या कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना गंजून अडकल्यात आणि पॅड सारखा डिस्कला घासतोय. पिना साफ करून ग्रीस मारायला अर्धा तास लागतो. पुढच्या रविवारच्या आत करून घ्या.