हिशेबाचा सल्ला : १०,८०० रुपये आले कुठून?

प्रश्न : सर, माझे यजमान जिल्हा परिषदेची छोटी कामं घेतात. शाळाखोल्या, गटारं, संरक्षक भिंती. हिशेब मी टॅलीवर ठेवते. चार खोल्यांच्या कामाचं तिसरं आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) १२ लाखांचं झालं. जीएसटी लावला, सगळ्या कपाती टाकल्या, बँकेत १३,०८,००० रुपये आले. तरी जिल्हा परिषदेच्या लेजरला (खात्याला) १०,८०० रुपये क्रेडिट शिल्लक दिसतात. सॉफ्टवेअर देणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले, "एंट्री तुमचीच चुकतेय." सीए म्हणतात, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. यजमान म्हणतात, एवढ्याशा रकमेसाठी डोकं लावू नकोस, कुठंतरी टाकून दे. त्यात एकजण बांधकामासाठीचं खास सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागे लागलाय. घ्यावं का? (बिलाची प्रत आणि कपातीचा कागद सोबत जोडला आहे.)
— एक वाचक, फलटण

उत्तर : ताई, कुठंतरी टाकू नका. ही रक्कम स्वतःच सांगतेय की ती कुठून आली.

आधी जिल्हा परिषदेचा कागद बघू. या बिलाचं काम १२,००,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी २,१६,०००. एकूण १४,१६,०००. त्यातून अनामत ५ टक्के म्हणजे ६०,०००, यजमानांचा आयकराचा टीडीएस १ टक्का म्हणजे १२,०००, जीएसटीचा टीडीएस २ टक्के म्हणजे २४,००० आणि कामगार उपकर १ टक्का म्हणजे १२,०००. कपात १,०८,०००, हातात १३,०८,०००. पै न् पै जुळतं.

आता तुमचं बिल. त्यावर जीएसटी २,०५,२०० छापून आलाय. ही रक्कम ११,४०,००० वरचे १८ टक्के होते. म्हणजे टॅलीने १२ लाखांतून ६० हजार आधी वजा केले आणि मग कर लावला. ६० हजारांचे १८ टक्के किती? १०,८००. हीच तुमची रक्कम.

अनामत म्हणजे सूट नव्हे. ती तुमचीच रक्कम, दोषदायित्वाचा काळ (कामात दोष निघाला तर तो तुम्हीच दुरुस्त करून द्यायची मुदत) संपला की परत मिळणारी. पण तिचं लेजर खर्चाच्या गटात उघडलेलं दिसतंय. तसं लेजर उघडताना टॅली विचारते की ही रक्कम जीएसटीच्या मूल्यात धरायची का. तिथं 'हो' पडलं असणार. ते बंद करा, लेजर 'डिपॉझिट्स (अॅसेट)' या गटात हलवा आणि अनामत विक्रीच्या व्हाउचरमध्ये न घेता वेगळ्या जर्नलने टाका. आयकराचा टीडीएस आयकर विभागाच्या करकपातीच्या विवरणात (२६एएस) आणि जीएसटीचा टीडीएस जीएसटीच्या पोर्टलवर दिसतो. पोर्टलवरचा स्वीकारावा लागतो, तेव्हाच तो तिथल्या तुमच्या कॅश लेजरला येतो. पुष्कळजण हे बटण दाबायचंच विसरतात. यातला खरा खर्च फक्त उपकराचा.

या महिन्याचा जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरून झाला असेल तर दुरुस्ती कशी करायची ते सीएंना विचारा, आणि लवकर. १०,८०० रुपये कर कमी भरला गेला असेल, तर त्यावर व्याज चढतं.

आता सपोर्टविषयी. "बॅलन्स जुळत नाही" एवढंच सांगितलं तर समोरचा मुलगा "एंट्री तपासा" याशिवाय काय बोलणार? त्याला बटणं पाठ असतात, आरए बिल त्याने बहुधा पाहिलेलं नसतं. त्यापेक्षा असं लिहा : "बिल नं. ३, कामाची रक्कम १२,००,०००. जीएसटी २,१६,००० यायला हवा, २,०५,२०० येतोय. फरक अनामतीच्या ६०,००० वरचा आहे. कोणत्या लेजरची कोणती सेटिंग बदलू?" सोबत व्हाउचर आणि लेजर या दोन्ही स्क्रीनचे फोटो. हा प्रश्न टोलवता येत नाही. हातानं एक बिल कागदावर मांडून 'काय आलं' आणि 'काय यायला हवं' हे दोन आकडे शेजारी ठेवले, की निम्मी उत्तरं फोन लावायच्या आधीच सापडतात. कशावर कर किती लागावा हे सीएंना विचारा, मोजमाप किती धरलं हे एमबीत (मोजमाप पुस्तकात) बघा आणि कनिष्ठ अभियंत्याला विचारा. सॉफ्टवेअरवाल्याला फक्त पडद्यावरचं.

टॅलीत एफ१ दाबून 'अबाऊट' पाहा. तिथं लायसन्सचा सिरियल नंबर आणि टीएसएसची (टॅलीच्या अपडेट-सेवेची वर्गणी) मुदत दिसते. मुदत संपली असेल तर नवीन आवृत्ती मिळत नाही. मदतीचा नंबर टॅली विकणाऱ्या पार्टनरच्या बिलावरून घ्या, गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेला लावू नका. कोणी एनीडेस्क (दुरून तुमचा संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) मागितलं तर आधी बॅकअप घ्या, नेटबँकिंग बंद करा, आणि तो काम करतोय तोवर खुर्चीवरून उठू नका. ओटीपी मागितला की संवाद संपला.

नवं सॉफ्टवेअर? आत्ता तरी नको. विक्रेत्याच्या डेमोतल्या कंपनीचे आकडे नेहमीच गोड असतात. त्याला तुमचं हेच तिसरं बिल द्या आणि तुमच्यासमोर टाकायला सांगा. मागच्या बिलापर्यंतचं काम वजा होऊन १२ लाख येतात का, जीएसटी आणि चारही कपातींचे आकडे आपापल्या जागी पडतात का? तो अडखळला तर त्याच्या वर्षाच्या देखभाल करारात तुम्ही पैसे भरून त्यालाच शिकवत बसाल.

प्रश्न : बंगल्यांची कामं करतो. साइटचं अॅप घेतलं, दरमहा पैसे जातात, पण सुपरवायझर काहीच भरत नाही. कंपनीचे लोक म्हणतात, ट्रेनिंग पुन्हा घ्या.
— एक वाचक, कराड

उत्तर : ट्रेनिंग नको, रकाने कमी करा. अॅपमध्ये रोजच्या नोंदीला किती रकाने आहेत ते स्वतः मोजा. संध्याकाळी सहाला मुकादमाची हजेरी, उद्याची वाळू आणि शेजाऱ्याची तक्रार निस्तरणारा माणूस वीस रकाने भरणार नाही. सपोर्टला सांगा की बाकीचे लपवून तीनच ठेवा : आलेल्या सिमेंटच्या गोण्या, वापरलेल्या गोण्या, मजुरांची हजेरी. ते जमत नाही म्हणाले तर अॅप सोडा, वही उत्तम.

तीन रकान्यांतूनही बरंच कळतं. एम२० प्रतीचं काँक्रीट १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात असेल तर घनमीटरला साधारण ८ गोण्या लागतात. २४ घनमीटरच्या स्लॅबला १९२. वापरात २१५ लिहिल्या असतील तर २३ गोण्यांबद्दल त्याच संध्याकाळी विचारा : प्लास्टरला गेल्या, भिजल्या की शेजारच्या साइटवर उसन्या दिल्या? विचारणारं कोणीतरी आहे हे कळलं की रकाने आपोआप भरले जातात.

आणि साइटवर नेट जातं का ते बघा. नोंद सेव्हच होत नसेल तर तो बिचारा रोज भरतोय आणि रोज तुमची बोलणी खातोय.