बाल न्याय मंडळाच्या आदेशाची नक्कल आधी मिळवा

सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा जीएनएमच्या (परिचर्या पदविकेच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये विसर्जन मिरवणुकीत हाणामारी झाली, मोठ्या मुलांबरोबर त्याचेही नाव एफआयआरमध्ये आले, तेव्हा तो साडेसतरा वर्षांचा होता. आता महाराष्ट्र परिचर्या परिषदेत त्याची नोंदणी होईल का, असे आपण विचारले आहे. पत्रात 'गुन्हेगार' हा शब्द आपण दोनदा लिहून दोनदा खोडला आहे. तो खोडलेलाच राहू द्या. कायदाही अशा मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार मुलाने गुन्हा केल्याचे सिद्ध झाले तरी त्यामुळे येणारी अपात्रता त्याला लागू होत नाही. सोळा वर्षांवरील मुलावर प्रौढ म्हणून खटला चालला तरच अपवाद होतो, आणि तसा खटला अतिगंभीर गुन्ह्यातच चालतो. शिवाय प्रकरण चालू असो वा निकाली निघालेले असो, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ती नोंद उघड करण्यास कलम 74 पोलिसांना मनाई करते.

मला खटकले ते 'केस अजून चालू आहे' हे आपले वाक्य. आपण कळवलेली भारतीय दंड संहितेची कलमे 147 (दंगा) आणि 323 (साधी दुखापत) ही दोन्ही तीन वर्षांच्या आतल्या शिक्षेची, म्हणजे या कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्ह्यांची आहेत; अशा प्रकरणात मुलाला बाल न्याय मंडळापुढे (अशा मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या मंडळापुढे) प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत चौकशी पुरी झाली नाही, तर कार्यवाही संपुष्टात येते. प्रकरण कधीच संपले असेल आणि तसा कागद मात्र कोणी मागितला नसेल, असेही असू शकते. म्हणून वकिलांमार्फत बाल न्याय मंडळातून आदेशाची प्रमाणित नक्कल काढा.

अर्जातला प्रश्न शब्दशः वाचावा. 'दोषी ठरला आहात का' आणि 'कधी गुन्हा नोंद झाला का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा असेल तर वकिलांना दाखवून, नक्कल जोडून उत्तर द्यावे, 'नाही' लिहून मोकळे होऊ नये. माझ्या एका सज्ञान विद्यार्थ्याचे भांडण तडजोडीने मिटले होते, पण त्याने 'नाही' लिहिले आणि पडताळणीत ते उघडे पडल्यावर रुग्णालयाने लपवाछपवीचे कारण देऊन त्याची नेमणूक थांबवली. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात नोकरीच्या पडताळणीबाबत हेच सांगितले आहे: तरुणपणातल्या क्षुल्लक प्रकरणाची लपवणूक मालक माफ करू शकतो, मात्र माहिती खरी दिली पाहिजे.

नक्कल हाती आली की तिची आणि अर्जाच्या त्या पानाची छायाप्रत मला पाठवावी.