ओट्यावरचा नाताळ : तुमचे प्रश्न

नाताळची सजावट म्हटली की बाहेरच्या खोलीतलं झाड आठवतं. यंदा आलेल्या प्रश्नांत मात्र बहुतेकांना ओटा सजवायचा आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. केक, करंज्या जिथे होतात आणि घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून दहादा जिथे डोकावतं, ती जागा सणाला कोरी का ठेवायची? माझी अट एकच. हाताला काम करायला जी जागा लागते, तिला धक्का लागता कामा नये.

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्र नगरात वन बीएचके आहे. ओटा जेमतेम पाच फूट. सिंक, दोन बर्नरची शेगडी आणि मिक्सर मांडला की पोळपाटापुरती जागा उरते. सजावट करायची कुठे?

ओटा साधारण दोन फूट खोल असतो. त्यातला भिंतीलगतचा वीतभर पट्टा पोळ्या लाटताना लागत नाही. तिथे तेलाची बरणी, मिठाचं भांडं, चहा-साखरेचे डबे उभे असतात. तुमची सजावट तिथे होईल. आधी तो पट्टा रिकामा करून पुसून घ्या. रोज लागत नाही ते ट्रॉलीत ढकला. मिक्सर आठवड्यातून दोनदाच काढत असाल तर तोही पंधरा दिवस खाली राहू द्या.

मागे ठेवायचे ते डबेच सजवा. स्टीलच्या चार डब्यांना दोन बोटं रुंद लाल रिबीन गुंडाळून मागे गाठ मारली की रांग खुलून दिसते, आणि इंचभरही जास्त जागा जात नाही. शेगडीशेजारचा डबा तसाच असू द्या, कारण सॅटिनची रिबीन झटकन पेटते.

आता मान वर करा. ओटा आणि वरचं कपाट यांच्यामध्ये दीड-दोन फूट टाइल्सची भिंत मोकळी असते. कपाटाच्या तळाला दोरा बांधून त्यावर संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या आणि दालचिनीच्या काड्या टांगा. आगर माळव्याची, नागपूरची संत्री या दिवसांत बाजारात असतात आणि इंदूरची हवाही कोरडी असते, त्यामुळे हे काम आपल्याकडे छान साधतं. चकत्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या कापा, कापडाने दोन्ही बाजूंनी टिपा आणि ओटीजीत 100 अंशांवर तीन-चार तास ठेवा. तासातासाने उलटत राहा. गच्चीत वाळवायच्या असतील तर जाळीखाली चार-पाच दिवस, आणि रात्री आठवणीने आत. नीट वाळलेली चकती खिडकीशी धरली तर काचेसारखी आरपार दिसते, फोडींच्या रेषा उठून येतात आणि बोटाला चिकटत नाही. चिकटली तर पुन्हा वाळवा, नाहीतर स्वयंपाकाच्या वाफेने तिला बुरशी धरेल. शेगडीच्या वर आणि कुकरच्या शिट्टीच्या वाटेत यातलं काहीही टांगू नका.

बर्फ हवा असेल तर काचेच्या वाटीत जाडं मीठ भरा आणि त्यात बोटभर उंचीचं झाड रोवा. कापसाचा बर्फ ओट्यावर मुळीच नको. एका ठिणगीने तो भडकतो.

प्रश्न : ओट्याखालचं सिलिंडर उघडं दिसतं. नाताळपुरता लाल-हिरवा पडदा लावू का?

नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. खालची हवा खेळती असली तर तो पांगतो आणि वासही लवकर येतो. जमिनीपर्यंत सोडलेला पडदा नेमकी ती वाट अडवतो, शिवाय रेग्युलेटरकडे जाणारा हात त्यात गुंततो. सिलिंडरकडे नजर जाऊ नये असं वाटत असेल तर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी ठसठशीत ठेवा. नजर तिकडे जाईल. आणि खाली वाकलाच आहात तर नळीवरची तारीख वाचा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

प्रश्न : भंवरकुआंला भाड्याच्या खोलीत राहते. एक छोटा ओटा, त्यावर इंडक्शन. घरमालक खिळा ठोकू देत नाहीत. दिव्यांची माळ लावायची आहे.

तीन सेलवर चालणारी एलईडीची माळ घे. बारीक तारेची ही माळ गरम होत नाही आणि खोलीतला एकुलता एक प्लग इंडक्शनसाठी मोकळा राहतो. प्लगवर चालणारी माळ सिंकच्या वरून किंवा ओल्या ओट्यावरून नेऊ नकोस.

खिळ्याची गरज पडणार नाही. पारदर्शक टेप टाइल्सवर लाव, रंगवलेल्या भिंतीवर नको. काढताना रंगाचे पापुद्रे निघतात आणि घरमालकांशी वाद होतो. टाइलवर डिंक राहिलाच तर थोडं खोबरेल तेल चोळ, दहा मिनिटांनी पुस. माळ सरळ ओढण्यापेक्षा काचेच्या रिकाम्या बरणीत सैल भर आणि मागे स्टीलचं ताट उभं टेकव. तेवढ्याच दिव्यांचा उजेड दुप्पट वाटतो. धातूच्या घंटा, चमकीचा कागद मात्र इंडक्शनच्या तव्यापासून लांब ठेव, कारण तिथे धातू तापतो.

प्रश्न : ओट्यावर ठेवलेल्या पॉइनसेटियाची पानं आठवड्यात गळाली. काय चुकलं?

बहुधा शेगडीची धग आणि कुंडीत साचलेलं पाणी. कुंडीभोवतीच्या चमकी कागदात पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. कागदाला तळाशी भोक पाडा, आणि वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी घाला. झाड खिडकीपाशी हलवा. लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच आहेत. खरी फुलं मधले पिवळे ठिपके. रात्री मोठ्या झाल्या की ती पानं रंगतात. तुटल्यावर निघणारा पांढरा चीक त्वचेला झोंबू शकतो, तेव्हा कणीक मळायच्या जागेजवळ हे झाड नसलेलं बरं.

प्रश्न : सूनबाई वसईची, ख्रिस्ती. लग्नानंतरचा तिचा पहिला नाताळ आमच्याकडे. आमचा देव्हारा स्वयंपाकघरातच आहे. तिच्यासाठी ओट्यावर येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा देखावा मांडू का?

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. देखावा जरूर मांडा, पण ओट्यावर नको. त्यात गवत असतं, आणि गवत व शेगडी शेजारी नकोत. खिडकीचा कट्टा किंवा देव्हाऱ्याच्या उंचीची एखादी फळी द्या, म्हणजे तुमच्या देवांना जो मान आहे तोच तिच्या देवालाही मिळेल. हातभर लांबी पुरते. 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी खरा बैल, गाढव आणि गवत आणून हा देखावा मांडला होता. इंदूरचं लाल चर्च याच संतांच्या नावाचं आहे. त्यामुळे मूर्ती महागड्या नसल्या तरी चालतील, गवत खरं असू द्या.

मांडताना तिला बरोबर घ्या. बऱ्याच घरांत गव्हाण आधी रिकामी ठेवतात आणि बाळ येशूची मूर्ती 24 तारखेच्या रात्री ठेवतात. तिच्या माहेरी कसं करतात ते विचारा आणि तसंच करा. ओटा त्या आठवड्यात करंज्या-केकसाठी तिच्या हाती सोपवा.

प्रश्न : हे सगळं उतरवायचं कधी, आणि टाकायचं कुठे?

रूढीप्रमाणे 6 जानेवारीला, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला. नंतर आठवड्याभरात संक्रांतीचा पाक ओट्यावर येतोच. संत्र्याच्या चकत्या ओल्या कचऱ्यात जातील. दालचिनी मसाल्यात वापरू नका, तिच्यावर महिनाभराची धूळ असते. तीही ओल्या कचऱ्यात. रिबिनी गुंडाळून डब्यात ठेवा. बंद पडलेली माळ आणि संपलेले सेल सुक्या कचऱ्यात मिसळू नका, कचरागाडी आली की वेगळे हातात द्या. चमकी लावलेला कागद रद्दीत जात नाही, म्हणून पुढच्या वर्षी तो आणूच नका.