व्हॅनचा तळ कापण्याआधी चेसिस नंबराचा कागद हातात घ्या

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडिलांची 1985 ची मारुती व्हॅन शिरपूरला गोठ्याशेजारी बरीच वर्षं उभी होती. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक आहे, मागच्या पाट्यांजवळ, म्हणजे लीफ स्प्रिंगजवळ, चेसिसचे (खालच्या सांगाड्याचे) पोपडे निघतात, आणि ओळखीचा वेल्डर म्हणतो, वरून एक जाड पत्रा मारू, खालून डांबर लावू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. तुम्हाला फक्त पत्रा किती गेजचा, म्हणजे किती जाडीचा घ्यायचा ते हवंय. पण वाचून राहवलं नाही. आमच्याही घरी त्याच काळातली व्हॅन आहे, सावद्याकडे केळीच्या मळ्यात वापरलेली, आणि तिच्या तळापेक्षा तिच्या कागदांनी आम्हाला जास्त पिळलं.

आधी वेल्डरच्या सल्ल्याबद्दल. या व्हॅनला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. खालून ज्या दोन लांब पट्ट्या दिसतात त्या वाकवलेल्या पत्र्याच्या पोकळ पेट्या आहेत, तळाच्या पत्र्याला जागोजाग स्पॉट वेल्ड करून जोडलेल्या. तळ, या पट्ट्या आणि दाराखालचे उंबरे मिळूनच तिची चेसिस होते. मागचे पाटे ज्या हँगरला अडकतात तो हँगरही त्या पट्टीच्याच जिवावर असतो. वरून पत्रा मारला तर पायाखालचं भोक झाकलं जाईल, पण हँगरजवळचा सडका भाग तसाच राहील आणि दोन पत्र्यांच्या मधे पाणी साचायला नवी जागा मिळेल. डांबरानं तर आतली ओल बाहेरच पडत नाही, आणि पुढे कोणी तपासायला गेलं तर गंज दिसतही नाही. मी या सल्ल्याच्या पूर्ण विरोधात आहे. वेल्डर तुमच्या ओळखीचा आहे, त्याचा हेतू वाईट नसेल, पण या गाडीला हे काम लागू नाही.

आपल्याकडे समुद्र नाही, पाऊस बेताचा, उन्हाळ्यात पारा 45 च्या वर, मग गाडी गंजते कशी, असं बरेच जण विचारतात. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि त्या गोण्या घरच्याच गाडीतून येतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडचा क्षार. गोणी फाटली की दाणे मॅटखाली जातात, पावसाळी हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्रा वरून कोरडा दिसत असतानाही खालून खातात. वर आपली काळी माती. ती चाकांनी उडून पट्ट्यांच्या भोकांत बसली की वाळून दगड होते, पाणी निघायची भोकं बुजतात, आणि पुढच्या पावसात आत महिनोन्महिने ओल राहते. तुमची गाडी गोठ्याजवळ उभी होती म्हणता, म्हणजे गोमूत्राचा भागही धरा.

म्हणून ग्राइंडर लावायच्या आधी गाडी धुवा. सीट, मॅट, खालचा नमदा सगळं काढा, पट्ट्यांची भोकं तारेनं मोकळी करा आणि प्रेशरच्या पाण्यानं आतून बाहेरून धुवा. उन्हात वाळू द्या आणि पुन्हा धुवा. गंजाच्या खड्ड्यांत बसलेला क्षार घासून निघत नाही, पाण्यात विरघळूनच निघतो. तो आत राहिला तर त्यावर कितीही महागडा प्रायमर मारा, वर्षभरात फुगे येतात. हे काम उन्हाळ्यातच करा, तेवढा एक फायदा आपल्या उन्हाचा आहे.

मग टोच्यानं आणि छोट्या हातोडीनं इंच इंच तपासा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, भद्द आवाज आला तर आतून गेलेला. जिथे टोचा आत जातो तिथून चांगला पत्रा लागेपर्यंत खडूनं रेघ मारत जा. रेघ तुमच्या अंदाजापेक्षा बरीच पुढे जाईल, त्यानं हबकू नका.

आता कागदांचं. माझं खरं सांगणं हेच आहे.

आमच्या व्हॅनचा कोरलेला चेसिस नंबर गंजाच्या अगदी काठावर होता. अंक वाचता येत होते, शेवटचे जरा पुसट. गाडीची नोंदणी खानदेशाबाहेरच्या एका जिल्ह्यातली, म्हणून काम सुरू करण्याआधी मी मुद्दाम तिथल्या आरटीओ कार्यालयात गेलो. नाव लिहीत नाही. विचारलं, शेजारची पट्टी बदलायची आहे, नंबराचा तुकडा जसाच्या तसा ठेवणार आहे, आधी तपासणी करून घेता का? उत्तर आलं, आधी काम करा, मग गाडी दाखवायला आणा. मी लेखी मागितलं. एवढ्याशा कामाला लेखी कशाला, म्हणाले. आमच्या मिस्त्रींनी तरी जुन्या सवयीनं नंबराचा पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून वर पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) काढला, फोटो घेतले, आणि मगच कटिंग केलं. नंबराच्या तुकड्याला धक्का लावला नाही.

काम झाल्यावर गाडी ट्रकवर टाकून नेली, तर तपासणाऱ्यांचं म्हणणं असं की नंबराशेजारी नवा वेल्ड दिसतो, अंक पुसट आहेत, तेव्हा छेडछाड झाली नाही कशावरून? परवानगी दाखवा. परवानगी मागायला आलो होतो हे सांगून उपयोग नव्हता, कारण त्याचा कागदच नव्हता. मग सांगितलं, कंपनीचं पत्र आणा. कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितलं, असं पत्र कार्यालयानं मागवायचं असतं, मालकाला देत नाही. कार्यालय म्हणे, आम्ही मागवत नसतो. या ढकलाढकलीत नोंदणीची मुदत संपली आणि उशिराचा दर महिन्याचा दंड चढत गेला. ज्या माणसानं शोरूममधून नवी गाडी घेतली, ज्याच्याकडे पहिल्या दिवसाचं बिल पेटीत जपून ठेवलेलं आहे, त्या माझ्या वडिलांना त्या खिडकीवर गाडी चोरीची असल्यासारखे प्रश्न विचारले गेले. ते मला अजून सहन होत नाही. नियम कडक असावा, नंबर बदलून चोरीच्या गाड्या विकल्या जातात हे मला मान्य आहे. पण आधी येऊन विचारणाऱ्याला तोंडी हाकलायचं आणि नंतर त्याच्याकडेच कागद मागायचा, हा अन्याय आहे.

शेवटी फाइल हलली ती माहितीच्या अधिकारातून. 10 रुपयांचा स्टँप लावून साधा अर्ज केला. माझा अर्ज सध्या कोणाकडे आहे, तो कोणत्या नियमानं थांबवला आहे आणि कंपनीकडून पत्र मागवायची पद्धत काय, एवढंच विचारलं. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. ती संपायच्या आत बोलावणं आलं. मूळ बिल, जुना प्रिंट आणि कापण्याआधीचे फोटो यांच्यावरच नोंदणीचं नूतनीकरण झालं.

म्हणून तुम्ही असं करा. तुमचा नंबर कुठे कोरला आहे ते आज शोधा. कंपनीची पाटी वेगळी असते आणि कोरलेला नंबर वेगळा, दोन्ही बघा. नंबराजवळ ग्राइंडर तर नाहीच, वायरब्रशही नको. रॉकेलचं फडकं पुरे. पेन्सिल प्रिंट घ्या, त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी धरून फोटो काढा आणि लेखी अर्ज द्या. आवक क्रमांकाचा शिक्का तुमच्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. घेत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोचपावती जपा. लेखी उत्तर येईपर्यंत तेवढा भाग सोडून बाकीचं काम करा. भंगारातून दुसऱ्या व्हॅनचा तयार तळ नंबरासकट आणायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात थेट गुन्हा अंगावर येऊ शकतो. मी वकील नाही, माझा अनुभव एका गाडीचा आहे. तुमच्या कार्यालयात चांगली माणसंही भेटतील. तरी कागद घ्याच.

खर्चाचंही बघून ठेवा. खासगी गाडीला 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागतं. 2022 मध्ये चारचाकीची फी 600 वरून 5,000 झाली, आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 10,000. पर्यावरण कर वेगळा. एखादा एजंट म्हणेल विंटेजमध्ये, म्हणजे फार जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीत, करून देतो. ते 2021 चे नियम 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहेत, तुमची 2035 ला बसेल. त्यातही बॉडी आणि चेसिसमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही, म्हणून दुरुस्ती मूळ आकारातच करा.

गेजचा प्रश्न राहिला. चांगल्या जागी कॅलिपर लावून मूळ जाडी मोजा आणि तेवढाच सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या. तळाला साधारण 20 गेज, पट्ट्यांना 16 च्या आसपास निघेल. जाड म्हणजे मजबूत असं इथे नाही, जाड तुकड्याच्या कडेला मूळ पातळ पत्रा फाटतो. छपराचा जस्ताचा पत्रा नको, वेल्ड करताना त्याच्या धुरानं ताप येतो. वेल्डिंग सीओटूचंच (तारेचं, गॅसच्या आवरणातलं) करा, साधी आर्क एवढ्या पातळ पत्र्याला जाळते. बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवा, गॅस किट असेल तर सिलिंडरही.

गाडी सपाट फरशीवर लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, गंजक्या पट्टीला जॅक लावू नका. दारांच्या चौकटींत पाइपचे तिरपे आधार टाका आणि एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही उंबरे एकदम कापले तर गाडी मधे बसते आणि सरकतं दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. दर टप्प्याला दार लावून बघा, ते मापपट्टीपेक्षा लवकर सांगतं. वेल्डचे टाके लांब अंतरावर मारा, पत्रा गार होऊ द्या.

प्रायमर इपॉक्सीचा घ्या, पण दुपारी मारू नका. आपल्या मे महिन्यात मिसळलेला माल डब्यातच घट्ट होतो आणि तापलेल्या पत्र्यावर नीट पसरत नाही. पहाटे उजाडल्या उजाडल्या थोडा थोडा मिसळा. सांध्यांना सीलर, आणि पट्ट्यांच्या आत लांब नळीनं मेण फवारा. पाणी निघायची भोकं मात्र बुजवू नका. आतून मेण नाही मारलं तर बाहेरच्या रंगाला अर्थ नाही.

पाट्यांच्या हँगरचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, धुतल्यानंतरचे, टोचा मारून. पट्टी हँगरच्या पुढे वीतभर तरी जिवंत असेल तर तुकडा जोडून भागेल. तिथेही टोचा आत जात असेल तर पूर्ण पट्टी नवी वाकवून घ्यावी लागेल, आणि ते काम तुमच्या वेल्डरचं नाही. जळगावच्या किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत बेंडिंग मशीनवाला गाठा, जुनी पट्टी नमुना म्हणून सोबत न्या.