तिघडी फोन आणि ‘दुमडणे’तला ‘मड’

प्रश्न सोलापुरातूनच आलाय: ‘मी मोबाइलच्या नव्या बातम्या मराठीत सांगतो. ट्राय-फोल्डला, म्हणजे दोन ठिकाणी मिटणाऱ्या पडद्याच्या फोनला, “तीन घड्यांचा फोन” म्हणालो, तर एकानं “तीनदा दुमडणारा फोन” म्हण असं सुचवलं. बरोबर कुठलं?’

दोन्ही चूक. आधी फोन डोळ्यांपुढं आणा. हुआवेचा मेट एक्सटी सप्टेंबर २०२४मध्ये चीनमध्ये विक्रीला आला, सॅमसंगचा ट्रायफोल्ड डिसेंबर २०२५मध्ये कोरियात. दोन्हींना बिजागऱ्या दोनच. म्हणजे घड्या दोन पडतात आणि पडद्याचे पदर होतात तीन. इंग्रजीतला ‘ट्राय’ पदर मोजतो, घड्या मोजत नाही. तुम्ही तीन घड्या म्हणालात की ऐकणारा तिसरी बिजागरी शोधत बसणार.

घडी म्हणजे काय ते चादरींच्या गावात सांगायला नको. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. हल्ली जिकडंतिकडं ऐकतो, ‘फोनची घडी मोडली की मोठा पडदा मिळतो.’ अहो, घडी मोडणं म्हणजे नवं कापड पहिल्यांदा अंगाला लावणं! चाटी गल्लीतून आणलेलं लुगडं आई सणापर्यंत ट्रंकेत ठेवायची आणि पाडव्याला त्याची घडी मोडायची. घडी एकदाच मोडते. दिवसातून पन्नास वेळा फोन उघडता, ते घडी उलगडणं. सॅमसंगचा पहिला गॅलक्सी फोल्ड एप्रिल २०१९मध्ये येणार होता. परीक्षणाला दिलेल्या काही फोनचे पडदे बिघडले, काहींनी तर वरचा पापुद्रा संरक्षक कागद समजून सोलून काढला, आणि फोन सप्टेंबरवर गेला. सप्टेंबरात गिऱ्हाइकांनी त्याची घडी मोडली, असं खुशाल म्हणा. तिथं तो वाक्प्रचार शोभतो.

आता मोजणीचं. जमखाना एकदा मधून दुमडा, मग पुन्हा एकदा. घड्या किती घातल्या? दोन. आणि आपण त्याला म्हणतो काय? चौघडी! चौघडी करून अंथरली, असंच म्हणतात. म्हणजे संख्या सुटी असली की ती घड्या मोजते, आणि शब्दाला चिकटली की पदर मोजते. तान्ह्या बाळाचं दुपटं घ्या, चौपदरी रस्ता घ्या, हिशेब तोच. म्हणून ‘तीन घड्यांचा’ चूक, पण ‘तिघडी’ बरोबर. तिघडी फोन. नको असेल तर तिपदरी म्हणा, माझी तक्रार नाही.

या दोन तिघडी फोनांची घडीही एकसारखी नाही, आणि बातम्यांत हा फरक कुणी धड सांगत नाही. हुआवेची एक बिजागरी आत वळते, दुसरी बाहेर. ही लुगड्याची निरी. निरीत कापड एकदा इकडं, एकदा तिकडं जातं, म्हणून एक पदर कायम दर्शनी राहतो. मिटल्यावर त्या फोनचा एक तृतीयांश पडदा बाहेर असतो तो याच कारणानं, आणि तोच पुढचा पडदा म्हणून चालतो. सॅमसंगच्या दोन्ही बाजू आत मिटतात, डबीत ठेवायच्या उपरण्यासारख्या. सगळा मोठा पडदा आत झाकला जातो, म्हणून बाहेर वेगळा पडदा लावावा लागतो. निरीची घडी आणि आतली घडी, एवढे दोन शब्द वापरले तरी ऐकणाऱ्याला चित्र दिसेल.

आता ‘तीनदा दुमडणारा’. ‘दुमडणे’तला ‘दु’ म्हणजे दोन. दोन पदर करणं ते दुमडणं. मग तीनदा दुमडणारा म्हणजे नेमके पदर किती? पण माझा खरा जीव अडकलाय तो पुढच्या ‘मड’मध्ये. दु अधिक मोडणे असा विग्रह सांगणारे भाषातज्ज्ञ मला भेटतात. मला तो अजिबात पटत नाही. मोडणे शब्दाच्या शेवटी बसलं की त्याचा ओकार टिकतो. झोपमोड पाहा, हिरमोड पाहा. मग इथं ओकार गेला कुठं? शिवाय चादर दुमडताना मोडतं काय? कुणी मुरडणे, मुडपणे यांच्याकडं बोट दाखवतात. त्यांनी त्यांच्या उकाराचा हिशेब द्यावा.

माझं मत असं की हा ‘मड’ कन्नडातला आहे. कन्नडात मडि म्हणजे घडी, मडिचु म्हणजे घडी घालणं. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या मागवाल्यांच्या घरी तेलुगू बोलतात, तिथं घडीला मडत म्हणतात. कन्नड कानावर पडणाऱ्या अक्कलकोट रस्त्याला लागा किंवा पूर्वभागात शिरा, कापड आणि ‘मड’ बरोबरच असतात. मराठी ‘दु’ला कन्नड धातू कसा चिकटेल, असं विचारतात. दुमजली कसं झालं? त्यातला मजला तर अरबी मंजिलचा. शेजारच्या घरातून शब्द यायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि संत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात ज्या सोलापुरात कन्नड वचनं रचली, तिथं तर मुळीच नाही.

आणि या मडिची गंमत पुढंच आहे. कन्नडात दुप्पट म्हणजे इम्मडि, तिप्पट म्हणजे मुम्मडि. अगदी चौघडीसारखी, चिकटून आलेली, पदर मोजणारी संख्या. हीच घडी पुढं राजांच्या नावाला लागली. हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवणारा बदामीचा दुसरा पुलकेशी, त्याला कन्नड माणूस इम्मडि पुलकेशी म्हणतो. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज ते मुम्मडि, चौथे ते नाल्वडि. वंशातलं एकच नाव पुन्हा आलं की त्यावर आणखी एक पदर चढला! राजघराण्याकडं चादरीच्या घडीसारखं पाहणारी ही भाषा मला फार आवडते. त्या हिशेबानं हुआवेचा फोन मुम्मडि ठरतो, आणि आमची तिघडी त्याची सख्खी बहीण.

तर एकाच बिजागरीच्या फोनला दुमडता फोन म्हणा, तिथं ‘दु’ चपखल बसतो. ‘वाकणारा फोन’ नको. वाकलेली वस्तू मिटत नाही, आणि हा फोन पुरता मिटतो. बातमीत पडद्यावरच्या खुणेबद्दलही बोलावं लागेल. तिला सुरकुती म्हणू नका. सुरकुती वाटेल तिथं पडते. ही ठरल्या जागी, बिजागरीच्या वर पडते, इस्त्री करून ठेवलेल्या धोतरावर पडते तशी. ती घडीची रेघ.